बस सुटते तिथे घर

पुण्यात भाड्याचं घर बघायला निघालं की दोन प्रश्न ठरलेले असतात. पाणी किती वेळ येतं आणि लिफ्ट आहे का. बस कुठली, हे फारसं कुणी विचारत नाही. मी विचारलं की एजंट जरा गप्प होतो आणि मग म्हणतो, "मॅडम, इथून सगळं पाच मिनिटांवर आहे." ती पाच मिनिटं त्याच्या बाइकची. तीही रविवार सकाळची, रस्ते मोकळे असतानाची, बोळाबोळांतून काढलेली. बस काही बोळात शिरत नाही.

मला गाडी चालवता येत नाही, शिकायची हौसही नाही, आणि ऑफिस शिवाजीनगरला. त्यामुळे घर किती किलोमीटरवर आहे याच्याशी मला फारसं देणंघेणं नसतं. बस सुटते कुठून आणि भरते कुठे, एवढं कळलं की पुरे.

नळस्टॉपचंच बघा. कर्वे रस्ता आणि पौड रस्ता पौड फाट्याला एकत्र येतात. कोथरूड डेपोकडची बस असो की वारजे-कर्वेनगरकडची, डेक्कनला जायचं तर नळस्टॉपवरूनच जाणार. म्हणजे बसवाल्या माणसाला याहून सोयीची जागा नाही, असं कुणालाही वाटेल. पण सकाळी नऊच्या सुमाराला तिथे येणारी बस आधीच भरून आलेली असते. एक पाय पायरीवर, एक अधांतरी, आणि तोंडानं "पुढे सरका हो, आत मोकळंय!" त्याच बसमध्ये डेपोवर चढलेले काका मात्र खिडकीशी बसून राहिलेली झोप पुरी करत असतात. घरभाडं दोघांत कोण जास्त भरतं? नळस्टॉपवाला.

म्हणून माझं म्हणणं असं, की लांब गेलं तरी चालेल, पण राहावं बस सुटते तिथे. सुटण्याच्या ठिकाणी कंट्रोलरची चौकी असते. टेबलावर लॉगशीटांचा गठ्ठा, त्यावर वजन म्हणून किल्ल्यांचा जुडगा, आणि आत डोकावून "शिवाजीनगर कधी?" विचारलं की मान वर न करता आलेलं उत्तर, "लागेल आता." या 'आता'त किती मिनिटं बसतात ते कंट्रोलरलाच ठाऊक. पण निदान विचारायला माणूस आहे. मधल्या थांब्यावर कुणाला विचारणार? शेजारच्याला. तो म्हणतो, मीही बघतोय.

सकाळचा विचार सगळेच करतात, खरी परीक्षा संध्याकाळची. सकाळी तुम्ही डेपोवर राजासारखे चढाल, पण ऑफिस मार्गाच्या मध्यावर असेल तर संध्याकाळी तीच बस तुमच्यापर्यंत लोंबकळत येणार. तेव्हा दोन्ही टोकं जुळायला हवीत. घराशी सुटणारी बस ऑफिसाशी संपणारी असावी, म्हणजे परतताना ती तिथूनच सुटते. ही अट लावली की निम्मं शहर आपोआप गळतं, आणि खरं सांगू, घर शोधणाऱ्याला तेवढाच आराम.

पेठांचा मोहही मी असाच सोडला. बाजीराव रस्ता एका दिशेचा, शिवाजी रस्ता दुसऱ्या दिशेचा. जायचा थांबा घराखाली असला, तर यायचा थांबा दोन चौक पलीकडे. फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्त्याचं तेच. घर बघताना आपण जायचा थांबा बघून खूश होतो. हातात मेथीची जुडी, खांद्यावर लॅपटॉप आणि वरून पाऊस अशा अवस्थेत चालायचा असतो तो परतीचा रस्ता.

सिंहगड रस्त्याची घरं छान वाटली, भाडंही परवडत होतं. पण एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला टेकडी, मधे हा एकच मोठा रस्ता. तो अडला की धायरीपर्यंत सगळे अडले. आता तिथे उड्डाणपूल झालाय, पण माणिकबाग-आनंदनगरचे थांबे घेणारी बस खालूनच जाणार.

एखाद्या भागाची बससेवा कशी आहे हे वेळापत्रकापेक्षा थांब्यावर उभ्या असलेल्या माणसांकडे बघून लवकर कळतं. लोक मोबाइलमध्ये डोकं घालून उभे असतील तर बस बऱ्या आहेत. सगळे रस्त्यावर उतरून, मान लांब करून एकाच दिशेला बघत असतील तर घर कितीही हवेशीर असो, नाद सोडावा. आणि थांब्याच्या अलीकडे "चला, एक सीट, एक सीट!" ओरडणाऱ्या शेअर रिक्षांची रांग असेल, तर बसची वाट बघून कंटाळणारे लोक तिथे भरपूर आहेत असं समजावं. रिक्षावाला उगाच कुठे उभा राहत नाही.

बस बदलून जायला माझी ना नाही. पैशांचा प्रश्न पासनं सुटतो. जून २०२५ च्या दरवाढीनंतर दिवसाचा पास ७० रुपयांना आणि महिन्याचा १५०० रुपयांना झाला, तरी एकदा तो काढला की कितीही बस बदला. पण स्वारगेटला उतरून दुसरी बस शोधायची म्हणजे सकाळची वाट बघणं दोनदा. एकदाचीच मला पुरते.

तर अशा सगळ्या चाळण्या लावल्यावर उरलं कात्रज. दोन नंबरची बस कात्रजहून सुटते आणि शिवाजीनगरला संपते; माझ्या दोन्ही टोकांना गाठ. शिवाय सातारा रस्त्यावर बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेली मार्गिका. २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर असा तो प्रयोग सुरू झाला तेव्हापासून पुणेकरांनी त्याला नावं ठेवली आहेत, आणि नगर रस्त्यावरची बीआरटी तर पुढे उखडूनच टाकली. पण थांबा रस्त्याच्या मधोमध असण्याची एक गंमत आहे. अर्धा रस्ता जाताना ओलांडायचा, अर्धा येताना. जाणं-येणं सारखंच.

कोथरूडच्या मावशीला कळवलं तर ती म्हणाली, "एजंटनं तुला कात्रजचा घाट दाखवला गं!" तिच्या मते पुणे स्वारगेटला संपतं. तिला मी खिडकीच्या सीटचं सांगितलं, ते काही पटलं नाही. तिच्याकडून ऑफिस जवळ आहे, वनाजवरून मेट्रो आहे, आणि मावशी आहे. तिन्ही खरं. पण कोथरूडचं भाडंही तितकंच खरं.

शेवटचा घोळ घरमालकांशी झाला. करारात पार्किंगचे वेगळे पैसे लावले होते. माझ्याकडे गाडीच नाही, तेवढे कमी करा म्हटलं. ते काका पेन्शनर माणूस, हिशेबाला पक्के. म्हणाले, "अहो, आज नाही, उद्या घ्याल." घेणार नाही म्हटलं. "मग पाहुणे येतील त्यांची लागेल." माझे पाहुणेही बसनंच येतात म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे जरा नीट पाहिलं. पैसे कमी झाले नाहीत. अकरा महिन्यांचा करार झाला, आणि माझ्या जागेत सध्या दुसऱ्या मजल्यावरच्यांची स्कूटर लागते. त्यांच्याकडून अर्धे पैसे मागावेत का, यावर माझा अजून विचार चालू आहे.