तुम्ही विचारलंत म्हणून: कोंबडा मुठीएवढाच का तोडता?

"अजून आठ-दहा दिवस थांबला असतात तर दुप्पट झाला असता की हो, ताई!"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने माझ्या वाफ्यातल्या कोंबड्याच्या फुलाकडे, त्या मखमली तुऱ्याकडे, बघून मान तिरकी केली की पुढचं मला आधीच ऐकू येतं. हात पाठीमागे बांधून वाफ्याच्या कडेला उभे राहता, रंगाचं कौतुक करता आणि मग हळूच विचारता. एवढं चांगलं पीक, आणि कोंबडा मुठीएवढा असतानाच का तोडता? धीर नाही का?

आजवर प्रत्येकाला मी वेगळं उत्तर दिलं. घाईत असले तर "मागणीच तशी आहे." वैतागले असले तर "आमचं असंच असतं." एकाला तर "मोठे मला आवडत नाहीत" असंही ठोकून दिलं. ते धडधडीत खोटं होतं. मोठ्या कोंबड्यासाठीच मी या धंद्यात पडले.

आधी तुमचे तर्क निकालात काढते, कारण तेही पाठ झालेत.

खत कमी पडतं म्हणून लहान राहतात, असं निम्म्यांना वाटतं. पडत नाही. उलट नत्र जास्त झालं की पानांचा नुसता भारा होतो, दांडा पोचट राहतो आणि डोकं जड झालं की झाड आडवं. एकदा आधाराची जाळी बांधायला उशीर केला होता, तेव्हा हे शिकून झालंय.

दुसरा तर्क जास्त शहाण्यांचा: रोप ट्रेमध्ये अडकलं असणार. हे होतं, खरंच होतं. कोंबड्याचं रोप लहान जागेत मुळं गुंडाळून बसलं, गारठलं किंवा पाण्याला तरसलं, की ते घाबरून बोटभर उंचीवरच तुरा काढतं. मग शेतात लावून कितीही लाड करा, ते बटणच राहतं. दिवस लहान व्हायला लागल्यावर पेरलं तरी घाई करतं. पण तसलं रोप मी लावतच नाही. ट्रेमध्ये ज्याच्या शेंड्यावर रंग दिसला ते सरळ कंपोस्टमध्ये. माझी झाडं कंबरेएवढी होतात, तुम्हीच बघता. तुरे लहान राहत नाहीत, मी ते लहान असताना तोडते. दोन्हींत फरक आहे.

तिसरा तर्क: शेंडा खुडला असेल. खुडला की एका मोठ्या तुऱ्याऐवजी चार-पाच लहान मिळतात, बरोबर. दोन ओळी मी खुडते. बाकीच्या एकदांडी ठेवते, हातभर अंतर न देता वीतभरावर, म्हणजे दांडा सरळ वर जातो आणि डोकं आटोक्यात राहतं. म्हणजे थोडं मुद्दामच आहे, हे कबूल.

आता खरं कारण. त्यासाठी तुरा आतून कसा असतो ते बघावं लागेल. बांधावरचा कुर्डू तुम्ही तण म्हणून उपटता ना, कोंबडा त्याच्याच जातीचा. कुर्डूच्या शेंड्यावर वाढीचा एक बिंदू असतो, म्हणून त्याला सरळ निमुळतं कणीस येतं. कोंबड्यात तो बिंदू आडवा पसरतो आणि त्याची रेघ होते. रेघ दोन्ही बाजूंना वाढतच राहते, खाली दांडाही चपटा होत जातो, आणि वर जागा पुरली नाही की निऱ्या पडतात. आपण ज्याला मखमल म्हणतो ती या निऱ्यांची कड. ती बहुतेक वांझ असते. खरी बारीक फुलं खालच्या अंगाला असतात, बीही तिथेच धरतं.

याचा अर्थ असा, की तुरा मोठा होतो म्हणजे नुसता रुंद होत नाही, त्याच्या घड्या वाढतात. मुठीएवढ्या तुऱ्यात आठ-दहा निऱ्या असतील, तर दोन ओंजळींएवढ्यात किती असतात ते मोजणं मी सोडून दिलं. प्रत्येक निरीच्या तळाशी ऊन पोचत नाही, वारा पोचत नाही. नजरही पोचत नाही.

माझा चौथा हंगाम होता. सजावटीचं काम करणाऱ्या एका बाईंनी माझे तुरे बघितले आणि सुकवलेले एकशेवीस मागितले, मोठ्यात मोठे, गडद लाल. एवढी मोठी मागणी पहिलीच. मी एक अख्खा वाफा राखून ठेवला आणि कोणाला हात लावू दिला नाही. रोज संध्याकाळी जाऊन हाताने माप घ्यायचे. काही तुरे तर दोन्ही पंजे पसरून धरावे लागत. माझ्या तेव्हाच्या वहीत एक वाक्य आहे, अधोरेखित: "लहान तोडणं म्हणजे फुलाचा अपमान."

तोडायच्या आठवड्यात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी उघडलं, ऊन पडलं, आणि मी सकाळीच कात्री घेऊन उतरले, कारण द्यायची तारीख ठरलेली होती. तुरे वरून हाताला कोरडे लागत होते. एक उलटा करून झटकला तेव्हा मनगटावर चार थेंब पडले, हे मला स्वच्छ आठवतं. मी मनगट पुसलं आणि पुढचा तोडला.

पानं काढली, आठ-आठच्या जुड्या केल्या. सुतळी नको, रबर बँड, कारण दांडे सुकताना बारीक होतात आणि सुतळी सैल पडते. एवढी मी हुशार होते. उलटं टांगलं. खोली पूर्ण काळोखी केली. कोंबड्याचा लाल रंग बीटातल्या रंगद्रव्यांच्या कुळातला, त्याला उजेड सोसत नाही, फिकटतो. हे वाचलेलं होतं, म्हणून मी खिडक्यांना पुठ्ठे लावून फटीसुद्धा चिकटपट्टीने बुजवल्या. रंग वाचवायच्या नादात वारा कोंडला.

नवव्या दिवशी मदतीला येणाऱ्या मावशी दारातच थांबल्या. म्हणाल्या, "वास येतोय गं."

मी म्हणाले, "सुकताना येतोच, मावशी."

त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं मला तेव्हा पटल्यासारखं वाटलं.

एकोणिसाव्या दिवशी पहिली जुडी उतरवली. दांडा वाकवला तर कट्‌कन मोडला, म्हणजे सुकलेला. रंग बघून मी खूश, अगदी झाडावर होता तसा. मग एका तुऱ्याची निरी सहज अंगठ्याने उघडली. आत राखाडी कापूस. शेजारची उघडली, तिथे तपकिरी चिखल वाळून कडक झालेला. तिसरीत काळे बारीक दाणे, आणि मला वाटलं बी असेल. बी गुळगुळीत चकाकतं, हे खडबडीत होतं. अळीची विष्ठा. खरं बी तर आधीच खाली फरशीवर सांडलं होतं, पाय ठेवला की करकरत होतं.

एकशेवीस तुरे होते. सगळे उघडून बघायचे तर निऱ्या मोडतात, मोडलेला तुरा देता येत नाही. मी पंधरा-वीस उघडले आणि थांबले. आता जे सांगणार आहे ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. बाहेरून चांगले दिसणारे चौसष्ट मी वेगळे काढले, खोक्यात कागद घालून रचले आणि पाठवून दिले. आतून बघितले नाहीत. बघितले असते तर पाठवता आले नसते.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. गिऱ्हाइकासमोर खोकं उघडलं होतं. आवाज चढलेला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "ताई, यातून अळी बाहेर आली. तुम्ही पाठवायच्या आधी बघितलं नव्हतंत का?"

मी म्हणाले, "बघितलं होतं हो. तेव्हा नव्हती."

पैसे परत केले. त्यांनी पुन्हा कधी काही मागितलं नाही, मीही विचारलं नाही.

तेव्हापासून मी कोंबडा मुठीएवढा असताना तोडते. तेवढा तुरा मी तळहातावर धरून प्रत्येक निरी बोटाने उलगडून तळापर्यंत बघू शकते, आणि तो मोडत नाही. मला जेवढं बघता येतं तेवढंच मी देते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

एवढं ऐकून तुम्ही गप्प बसणार नाही, हे माहीत आहे. परवाच एका दादांनी मला नीट कोंडीत पकडलं. म्हणाले, सुकवायचे लहान तोडा, समजलं. पण ताजे का लहान? ताज्यात बुरशी धरायला वेळच कुठे असतो? पाण्यात आठवडा, फार तर दोन आठवडे राहणार, त्यातही आधी पानं माना टाकतात, तुरा नाही. पानं काढून टाका, एक दिवसाआड पाणी बदला, मोठा कोंबडा दिमाखात उभा राहतो.

त्यांचं बरोबर आहे. मी म्हणाले की ताजं किती जाईल ते आधी कळत नाही, उरलेलं सुकवणीत जातं, म्हणून सगळं एकाच मापाने तोडते. हे खरं आहे, पण पुरेसं नाही, आणि ते त्यांना कळलं असावं. शिवाय जड डोक्याची मान वाकते, गुच्छात तो बाकीच्यांना झाकून टाकतो, असंही बरंच बोलले. माणूस बरीच कारणं द्यायला लागला की समजावं.

मोठे तुरे सुकवता येतात, हेही मला माहीत आहे. चार-पाच कोरडे दिवस गेल्यावर, दुपारी, दव पूर्ण उडाल्यावर तोडायचे. खालच्या अंगावर अंगठा फिरवून बघायचा, हातावर काळं चकाकतं बी पडलं तर सुकवणीसाठी उशीर झाला. जुडी करायची नाही, एकेक टांगायचा. अंधार हवा तसा पंखाही हवा. दोन ते चार आठवडे. दोन हंगामांपूर्वी मी असे पाच करून पाहिले. पाचही उत्तम सुकले. तरीही एक मी चाकूने मधोमध चिरला. आत स्वच्छ होता, गाभ्यापर्यंत लाल. चांगला तुरा फुकट घालवला म्हणून मावशी रागावल्या. मला मात्र त्या रात्री झोप छान लागली.

म्हणजे हे शेतीचं कारण नाहीच की काय? कधी कधी वाटतं, चूक ओलं तोडण्याची होती, वारा कोंडण्याची होती, आणि सगळ्यात मोठी तर फोनवरची होती. शिक्षा मात्र आकाराला दिली. वहीतली ती पोरगी मला हेच ऐकवते. तिला मी सांगते, तुला चौसष्ट खोक्यात भरायला लागले नव्हते तोवर बोलणं सोपं होतं. ती म्हणते, भरले तूच. मग मी वही मिटते.

तेव्हा उद्या कोणी विचारलं तर मी बहुधा "मागणीच तशी आहे" असंच म्हणेन. रागावू नका.

यंदा कडेच्या ओळीतले तीन सोडलेत. मावशींनी त्यांच्याजवळ काठ्या रोवून दांडे बांधलेत, मला न विचारता. रोज सकाळी जाते, खालच्या अंगावर अंगठा फिरवते, हात उघडून बघते. कालपर्यंत बी नव्हतं.