सोनकी संपल्यावर गेलो

ह्या वर्षी पण उशीरच झाला. सप्टेंबरभर ग्रुपवर सगळ्यांचे सोनकीचे फोटो, पिवळ्याधमक उतारावर हात पसरून उभे, आणि मी ऑफिसात बसून सगळ्यांना लाईक देतोय. सुट्टी मिळाली तोवर दिवाळी तोंडावर आलेली. तरी म्हटलं जाऊ, राजगड काय पळून जात नाही.

गुंजवण्यातून चोरदरवाजाच्या वाटेने चढलो. गवत वाळून सोनेरी पडलेलं, तेरडा केव्हाच आटोपलेला, आणि सोनकी म्हणाल तर करपलेली काटकुळी झाडं, शेंड्याला पांढरे कापूसगोळे. पद्मावती माचीवर ताकाचा हंडा घेऊन बसलेल्या मावशी म्हणाल्या, "आता काय बघाया आलात, फुलं सरली की." म्हटलं, ताक प्यायला आलोय. हसल्या. गुरं खातात का ही, असं सहज विचारलं, तर "तोंड लावत न्हाईत" म्हणाल्या. शास्त्रात सोनकी सेनेसिओ गटातली, आणि ह्या गटातल्या बऱ्याच झाडांत लिव्हरला घातक अल्कलॉइड्स असतात, तेव्हा गुरांना जे तोंडाने कळतं ते मला पुस्तकातून कळलं एवढाच फरक.

संजीवनी माचीच्या बाजूला एका कातळाच्या सावलीत मात्र चार-पाच झाडं अजून फुललेली सापडली!! तिथेच फतकल मारून बसलो आणि सॅकमधून भिंग काढलं. सोनकीचं एक फूल हे एक फूल नसतंच, झेंडू-शेवंती-सूर्यफुलाचंच खानदान, आख्खं गाव असतं ते. बाहेरची जी पाकळी म्हणून आपण मोजतो ती प्रत्येक एक स्वतंत्र फूल, आणि मधल्या बटणात इवल्या इवल्या नळ्या, कडेच्या आधी उघडतात मग आतल्या, म्हणजे कडेला सगळं उमललेलं आणि मधोमध अजून कळ्या. प्रत्येक नळीतून मादीचा दांडा वर सरकताना सोबत परागाची धूळ बाहेर ढकलत येतो, बाटली धुवायचा ब्रश कसा घाण बाहेर काढतो अगदी तसं. एक माशी आली, मधमाशीसारखे पट्टे पण पंख दोनच, म्हणजे सोंग. सगळ्या नळ्यांवर चालत चालत गेली, पाय पिवळे करून. एवढं सगळं नखाएवढ्या जागेत चाललेलं आणि मी इतकी वर्षं त्याच्यासमोर सेल्फी काढत होतो.

मग ते कापूसगोळे बघितले. बियांना पांढरे केस, वाऱ्यावर जायला. सेनेसिओ हे नाव लॅटिनमधल्या 'सेनेक्स' वरून आलंय, सेनेक्स म्हणजे म्हातारा, ह्याच पांढऱ्या केसांमुळे. आणि आपण लहानपणी हवेत तरंगणारं असं काही दिसलं की "म्हातारी, म्हातारी" करत मागे धावायचो! रुईची असो की कशाचीही, म्हातारीच. तिकडे म्हातारा, इकडे म्हातारी, कोणी कोणाला विचारलेलं नाही. मला हे इतकं आवडलं की एकटाच हसत बसलो, मागून येणारी दोन पोरं जरा लांबूनच गेली.

फोटोवाल्यांचा मला राग नाही (थोडा आहे, उतारावर लोळून झाडं चिरडतात त्यांचा). पण पिवळं असताना गेलो असतो तर हे दिसलं नसतं. झाड एकाच पावसाचं, ते वाळून मरणार, पुढच्या पावसात जे पिवळं होणार ते ह्या केसाळ बियांच्याच जिवावर. आणि नेमकं हे चालू असतं तेव्हा सगळे म्हणतात सीझन संपला.

रात्री घरी सॅक झटकली तर एक म्हातारी निघाली, पंख्याच्या वाऱ्याने उचलली आणि थेट कपाटाच्या मागे. भाची अर्धा तास टॉर्च घेऊन शोधत होती, सापडली नाही.