कासरा

काल दुपारी चहाचा कप उजव्या हातात धरवेना, तेव्हा तळहाताकडे नीट पाहिले. तर्जनीच्या मुळापासून करंगळीपर्यंत तांबडा वळ उठला होता. सकाळी इथल्या, साताऱ्यातल्या, गोडोलीच्या तळ्याकडे जाताना आमच्या टिप्याने एका मांजरावर घेतलेल्या झेपेची ती पावती होती. टिप्या गावठी आहे, दीड वर्षाचा आहे आणि त्याचे वजन १८ किलो आहे. पट्टा लावला की मात्र तो ५० किलोंचा होतो.

कुत्र्याला ओढ न घेता चालायला शिकवण्याची रीत सांगायला सोपी आहे. पट्टा ताणला गेला की आपण खांबासारखे उभे राहायचे. त्याने वळून पाहिले आणि पट्ट्याला झोल पडला, की त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणून आपल्या पायापाशी पनीरचा शेंगदाण्याएवढा तुकडा द्यायचा आणि पुढे निघायचे. आपण उलट ओढले तर तो अधिकच जोर लावतो आणि ओढत ओढत का होईना, हव्या त्या खांबापाशी एकदा पोहोचला, की ओढल्याने पोहोचता येते हा धडा त्याचा पक्का होतो. छातीवर कडी असलेला हार्नेस घातला तर ओढताना तो आपसूक आपल्याकडे वळतो आणि नरड्यावर दाबही येत नाही. अडचण एकच असते, ती शिकवणाऱ्याची. चालायला निघालेल्या माणसाने चालावे, अशा मताचा मी आहे. ओळखीचे कुणी भेटले तरी मान हलवून पुढे सटकतो. पहिल्या दिवशी घरापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत, म्हणजे जेमतेम ८० पावलांना, मला २५ मिनिटे लागली. मी सहाव्यांदा थबकलो तेव्हा दुकानदाराने विचारले, “काका, काही हरवलंय का?”

इथून जवळच संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या (१६८२–१७४९) खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला म्हणून त्याला पालखीचा मान मिळाला, असे सांगतात. पालखीत बसणाऱ्या कुत्र्याला पट्ट्याने चालायला शिकवण्याचा प्रश्न उद्भवत नसावा. भोयांचे काय हाल होत असतील, ते अर्थात कुणी लिहून ठेवलेले नाही.

तळहातावरचा हा वळ मला ओळखीचा आहे. मी नऊ वर्षांचा असताना आबांनी पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतून एक खिलार खोंड विकत घेतला. त्याला अजून वेसण घातलेली नव्हती; नुसती तोंडाभोवती दोरीची मोरकी आणि मोरकीला नवा, खरखरीत कासरा होता. परतीच्या वाटेवर मी हट्ट करून कासरा हातात घेतला आणि कडेच्या शाळूच्या रानाकडे खोंड वळताच सगळे बळ एकवटून मागे ओढला. सोलून निघालेला तळवा घेऊन मी रडायला लागलो, तेव्हा आबा शांतपणे म्हणाले, “आरं, वडू नगंस. तू वडलंस की त्यो बी वडतोय. उभा ऱ्हा नुसता.” मग कासरा स्वतःकडे घेऊन ते खरोखरच उभे राहिले. चंची सोडली, तंबाखू मळली, चुना झटकला, कुणाच्या तरी शाळूला चिमण्या किती लागल्यात ते बघून घेतले. बऱ्याच वेळाने खोंडाने मान वळवली, कासरा सैल पडला आणि आबा त्याच्या गळ्याखाली खाजवत, काहीच झाले नसल्यासारखे चालू लागले. असे किती वेळा थांबलो ते मोजले नाही, पण घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती आणि आई वेशीपर्यंत येऊन उभी होती.

टिप्या आता दुकानापर्यंत झोल ठेवून येतो. पुढे चिकनचे दुकान लागते आणि तिथे आम्हा दोघांचेही शिक्षण संपते. माझ्याकडे चंची नाही. थांबायचे तर हात कुठे ठेवावेत हेच मला कळत नाही, मग मी मोबाइल काढतो आणि तेवढ्यात तो ओढतो.

खोंडाचा बैल झाला, म्हातारा झाला, गेला. नंतर दारात ट्रॅक्टर आला. गेल्या महिन्यात गावी गेलो तेव्हा आबांचा एक जुना कासरा सापडला. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला बांधलेला होता, चांगला ताठ.