एसाविराला जाताय? मराकेशवरून डे ट्रिप नका करू

मोरोक्कोला जाणारे आपले बरेच लोक मराकेशवरून समुद्रकाठच्या एसाविरा गावाची डे ट्रिप करतात, मला ते अजिबात पटत नाही, कारण एकेरी तीन तास धरले तरी सहा तास बसमध्येच गेले, मग उरलेल्या वेळात बंदर बघणार की कारागीर? निदान एक रात्र रहाच. ट्रेन नाहीये तिकडे. सुप्राटूर्स कंपनीच्या बस मराकेश रेल्वे स्टेशनला लागूनच सुटतात, सीटीएमच्या पण आहेत, तिकीट आधी काढा. वाटेत आर्गनच्या झाडावर बकऱ्या दिसतील. चढतात त्या खरंच, पण हायवेला लागून उभ्या असलेल्या बहुतेक टुरिस्टसाठी आणून चढवलेल्या असतात, फोटो काढला की मालक पैसे मागायला हजर!

जुनं शहर अठराव्या शतकात सुलतान तिसऱ्या मोहम्मदने आखून बांधून घेतलं, म्हणून मुख्य रस्ते सरळ आहेत, फेस शहरासारखं हरवायला होत नाही. आत गाड्या येत नाहीत, बॅगा जड असतील तर हातगाडीवाल्याशी भाव आधीच ठरवा.

आता मुख्य गोष्ट, थुया नावाच्या झाडाचं लाकूड. समुद्राकडच्या तटबंदीवर, म्हणजे स्कालावर, जुन्या तोफा आहेत, सगळे तिथे फोटो काढतात आणि निघून जातात, पण तिच्या खालच्या कमानींमधे सुतारांची वर्कशॉप्स आहेत तिकडे वेळ काढा. थुयाच्या मुळाशी गाठ येते, ती कापून घासली की मोराच्या पिसासारखे डोळे डोळे दिसतात, आणि वास तर असा की गल्लीत शिरतानाच कळतं. त्यात लिंबूच्या झाडाचं पिवळट लाकूड, शिंपला वगैरे जडवतात. चोरखणाच्या डब्या मिळतात, उघडून दाखवा म्हणा, ते हौसेने दाखवतात. घेताना डबी उलटी करून आतून-खालून बघा, नुसता वरून थुयाचा पातळ पापुद्रा चिकटवलाय का ते लगेच कळतं. घासाघीस चालतेच. पण एक आहे, ही गाठ काढायला मूळच खणावं लागतं, झाड वाढतं हळू, जंगलं कमी होत चाललीयेत, त्यामुळे मोठं टेबल वगैरे घ्यायचं माझ्या तरी मनाला पटलं नाही, छोट्या वस्तूवर भागवलं. शुक्रवारी दुपारी नमाजच्या वेळेला बरीच दुकानं बंद असतात, खरेदी त्या वेळेवर ठेवू नका.

आई बरोबर होती, ती शाकाहारी, तरी हाल झाले नाहीत. मातीच्या भांड्यात शिजवलेलं भाज्यांचं ताजीन, बाकला या सुक्या कडधान्याचं बिसारा सूप, म्समन नावाचा घडीचा पराठा, आणि आमलू! बदाम, आर्गन तेल, मध एकत्र वाटलेलं, पावाला लावून खायचं. ऑर्डर देताना "ब्ला ल्हम" म्हणजे मांस नको असं सांगा. मासे खाणाऱ्यांनी सरळ बंदर गाठावं, तिथे निळ्या होड्यांमधून ताजी मासळी उतरते.

वारा मात्र भयंकर, उन्हाळ्यात तर जास्तच. पुण्या-मुंबईच्या हिशोबाने कपडे नेलेत तर कुडकुडाल, विंडचीटर हवाच, आणि बीचवर पडून रहायचा बेत असेल तर आगादीरला जा, हा बीच काइटसर्फिंगवाल्यांचा. छोटे दुकानदार कॅशच घेतात, मोरोक्कोचे दिरहम तिथे एटीएममधून काढा आणि उरलेले निघण्याआधी एअरपोर्टवर बदलून टाका, देशाबाहेर त्यांना कोणी विचारत नाही.