भाऊंचे गाल उघडेनात

दहीहंडीच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्या डोंबिवलीतल्या छोट्या स्क्रीन प्रिंटिंग युनिटचा खरा हंगाम. गोविंदा पथकांचे टी-शर्ट. माल तिरुपूरहून उशिरा येतो आणि प्रायोजकाचा फोटो त्याहून उशिरा. यंदाचं एक काम दिसायला अगदी साधं होतं: पिवळा टी-शर्ट, एकच काळा रंग, पाठीवर पथकाचं नाव आणि त्याखाली प्रायोजक भाऊंचा चेहरा, हाफटोनमध्ये, म्हणजे लहान-मोठ्या ठिपक्यांत.

पूर्वी असं काम आलं की पॉझिटिव्ह, म्हणजे पारदर्शक फिल्मवर काळं उतरवलेलं डिझाइन, बाहेरून काढून आणायचो. इमेजसेटर या फिल्म काढायच्या मशिनची फिल्म काळी म्हणजे काळी, तिच्यातून उजेडाची तिरीप जायची नाही. पण ऑफसेट छपाईवाले फिल्मशिवाय थेट प्लेट काढायला लागले आणि ती मशिनं एकेक करून बंद झाली. ट्रेसिंग पेपरवर काढलेली लेझर प्रिंट एका रंगाला चालते. मात्र प्रिंटरच्या उष्णतेने ट्रेसिंग आकसतो आणि तीन रंग जुळवताना जीव जातो. म्हणून आम्ही एप्सनचा सहा रंगांचा एल1800 हा इंकजेट प्रिंटर घेतला. फिल्मसाठी ठिपके पाडून देणारं वेगळं रिप सॉफ्टवेअर घेतलं नाही. फोटोशॉपमध्ये बिटमॅप करून ठिपके पाडता येतात, इंचाला 45 ओळी, 22.5 अंशांचा कोन. एवढ्यावर माझं भागतं.

तर फिल्म काढली. ट्यूबसमोर धरली, काळीकुट्ट. इंचाला 230 धाग्यांच्या कापडाच्या स्क्रीनवर इमल्शन, म्हणजे उजेडाने घट्ट होणारा लेप, असतो; त्यावर फिल्म ठेवून स्क्रीन एक्सपोज केली, म्हणजे तिला उजेड दाखवला, आणि मामा धुवायला बसले. फिल्मच्या सावलीतला लेप धुऊन निघतो, तिथे स्क्रीन उघडते आणि तिथूनच शाई उतरते. पथकाचं नाव उघडलं. जरा जोर लावल्यावर भाऊंची मिशीही उघडली. गाल आणि कपाळ मात्र उघडायचं नावच घेईनात. बारीक ठिपके सगळे बंद. ऑर्डर घेऊन आलेला पोरगा वाकून बघत म्हणाला, "ताई, भाऊ कुठे गेले?"

पावसाळ्यात पहिला संशय ओलीवर जातो. पण स्क्रीन ओली राहिली तर इमल्शन कच्चं राहून वाहून जातं. इथे उलट झालं होतं, जिथे निघून जायला हवं तिथेच ते घट्ट बसलं होतं. एक्सपोजची वेळ कमी केली, तर गाल थोडे दिसले आणि अक्षरांच्या कडा बुळबुळीत होऊन सुटल्या. म्हणजे वेळ वाढवली तरी नुकसान, कमी केली तरी नुकसान.

मामा काही बोलले नाहीत. खणातून त्यांनी लाल कटिंग फिल्मचा जुना तुकडा काढला. त्यांच्या उमेदीत अक्षरं ब्लेडने याच फिल्मवर कापत. इमल्शन लावलेल्या एका जुन्या फ्रेमवर त्यांनी तीन गोष्टी ठेवल्या: एक नाणं, तो लाल तुकडा आणि आमची काळी फिल्म. एक्सपोज केलं, धुतलं. नाण्याखाली स्वच्छ गोल. लालखालीही स्वच्छ. काळ्याखाली चिकट साय.

लाल तुकडा पेपरवर ठेवला तर खालची बातमी वाचता येते! पण इमल्शनला आपल्यासारखं दिसत नाही. त्याच्यावर काम करतो तो 400 नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा आणि त्याच्या अलीकडचा अतिनील प्रकाश. लाल फिल्म तोच अडवते. आमची काळी शाई तो सोडत होती. मागच्याच आठवड्यात विक्रेत्याने प्रिंटरची मूळ शाई संपली म्हणून 'सेम टू सेम' बाटली दिली होती.

दुसरी बाटली मिळेपर्यंत दुकानं बंद झाली असती. मग एका फिल्मवर काळा, निळा, लाल, पिवळा असे चौकोन छापले आणि एकत्र एक्सपोज केले. लाल चौकोन सगळ्यांत स्वच्छ उघडला. प्रिंटरमध्ये लाल म्हणजे पिवळी आणि मॅजेंटा शाई एकावर एक. जांभळा प्रकाश खाण्याचं काम त्यात मुख्यतः पिवळी करते. मी हाफटोनचे सगळे ठिपके लाल केले आणि नवी फिल्म काढली. दमट हवेत शाई सुकेना, म्हणून हेअर ड्रायर फिरवला. शाईची बाजू इमल्शनला टेकते, ओली राहिली तर चिकटलीच म्हणून समजा.

पोरगा फिल्म बघून हबकला. "ताई, आपल्याला काळं हवंय ना?"

"छपाईची शाई काळीच असणार रे. ही फक्त सावलीसाठी."

या वेळी गाल उघडले, कपाळावरची आठीसुद्धा. माल रात्री गेला.

बाटली परत द्यायला गेले तेव्हा विक्रेत्याने तिथल्या तिथे कागदावर रेघ ओढून दाखवली. "मॅडम, काळीच आहे ना?" काळीच होती. पैसे त्याने दिले नाहीत, बदल्यात पिवळी बाटली दिली.