हळदीची कॅप्सूल जर्मनीत औषध म्हणून रजिस्टर करताना

मी रेग्युलेटरी अफेअर्समध्ये, म्हणजे औषधांना सरकारी मंजुरी मिळवायच्या कामात आहे, आणि सांगलीकडच्या एका छोट्या कंपनीला त्यांची हळदीची कॅप्सूल जर्मनीत विकायची होती, तीही औषध म्हणूनच, कारण फूड सप्लिमेंटवर अमुक त्रासावर उपाय असं छापता येत नाही.

युरोपात पारंपरिक वनस्पती-औषधांसाठी 2004 चा 24 नंबरचा डायरेक्टिव्ह, म्हणजे युरोपियन युनियनचा नियम आहे. क्लिनिकल ट्रायल मागत नाहीत पण औषध निदान 30 वर्षं वापरात आहे आणि त्यातली 15 युरोपियन युनियनमधली आहेत हे दाखवावं लागतं. कंपनीचे काका म्हणाले, अहो ताई, हळद तर हजारो वर्षं चालत आलीय, ग्रंथ देऊ की. पण नुसत्या ग्रंथांवर भागत नाही, वनस्पती, काढायची पद्धत, डोस, उपयोग हे सगळं जुळणारं औषध वापरात होतं का ते बघतात. आम्हाला तारलं युरोपियन मेडिसिन्स एजन्सीच्या हर्बल कमिटीच्या मोनोग्राफने (एकेका वनस्पतीचे मान्य उपयोग आणि प्रकार सांगणारा दस्तऐवज), त्यात पोट जड वाटणं, पचन मंद होणं, गॅस यासाठी हळद आहे, त्यामुळे परंपरा सिद्ध करायचं ओझं खूप उतरलं. मात्र मार्केटिंगवाल्यांना हवा असलेला 95 टक्के करक्युमिनवाला (हळदीतला पिवळा घटक) अर्क मोनोग्राफमध्ये नसल्यामुळे सोडावा लागला, साध्या पावडरवर आलो.

खरा घाम निघाला क्वालिटीत. शेतातल्या नोंदींपासून सुरुवात, मग हळद शिजवली कशी, वाळवली कुठे (जमिनीवर पसरली की बुरशी आणि तिच्यातून होणाऱ्या अफलाटॉक्सिन या विषाची भीती), पॉलिशला बाहेर दिली तर तिथे रंग मारला नाही ना, कारण पिवळेपणासाठी लेड क्रोमेट वापरणारे आहेत आणि ते शिसं थेट पोटात जातं. शिसं, कॅडमियम, पारा, कीटकनाशकं सगळं तपासायचं, शिवाय स्टॅबिलिटी (औषध किती काळ टिकतं), त्यात हळदीतलं तेल उडून जातं म्हणून पॅकिंग बदलावं लागलं. आणि इथे पास झालेली बॅच तिकडे पोचली की इंपोर्टरच्या लॅबमध्ये पुन्हा तपासायची आणि त्यांच्या क्वालिफाइड पर्सनने (बॅचची जबाबदारी घेणारा अधिकृत तज्ज्ञ) सही केल्यावरच ती बाजारात. हे सगळं मला पटतं, माझ्या आईला देताना मीसुद्धा एवढीच खात्री मागेन.

15 वर्षांची अट मात्र पटत नाही. आधीपासून बाजारात असलेल्या जुन्या औषधांना दिलेली मुदत 30 एप्रिल 2011 ला संपली, त्यानंतर रजिस्ट्रेशनशिवाय ती विकता येत नाहीत, मग जे तेव्हा तिथे पोचलंच नव्हतं त्याने औषध म्हणून 15 वर्षं भरायची कुठे? दशमूळासारख्या आयुर्वेदिक मिश्र औषधात तर एकाच मिश्रणात 10 मुळं वेगवेगळी ओळखून दाखवायची, छोटी कंपनी त्या खर्चातच बुडते.

आमचं रजिस्ट्रेशन झालं. लेबलवर हा उपयोग केवळ दीर्घकाळच्या वापरावर आधारलेला आहे असं छापणं सक्तीचं आहे. तुमच्यापैकी कुणी यात उतरणार असेल तर लॅबला पैसे देण्याआधी आपल्या वनस्पतीचा मोनोग्राफ आहे का आणि त्यात नेमका कुठला प्रकार धरलाय, पावडर की अर्क, ते आधी वाचा.