भाड्याचं घर, कायमचा मुक्काम

मावशीचा फोन आला की हवापाण्याच्या गप्पा झाल्यावर गाडी ठरल्या जागी येते: "अगं, अजून भाड्याच्याच घरात? स्वतःचं कधी घेणार?" व्हिएन्नात राहून तिला काय उत्तर द्यावं कळत नाही. इथे चारातली तीन माणसं भाड्याने राहतात. त्यात डॉक्टर असतात, प्राध्यापक असतात, ट्रॅमचे ड्रायव्हरही असतात. शहरातली जवळजवळ निम्मी माणसं एकतर महापालिकेच्या घरात राहतात, नाहीतर नफ्यावर कायद्याने मर्यादा घातलेल्या गृहनिर्माण संस्थांच्या. आमचं घर दुसऱ्या प्रकारातलं. करार बेमुदत. भाडं वेळेवर भरलं आणि शेजाऱ्यांचं जिणं हराम केलं नाही, तर घर खाली करा म्हणून कोणी दारात येत नाही.

सरकारी घरं म्हटली की पोपडे उडालेल्या भिंती आणि अंधारा जिना डोळ्यांपुढे येतो. तसं इथे अजिबात नाही असं नाही. काही जुन्या इमारतींत ओल आहे, लिफ्ट बंद पडतात, तक्रारी महिनोन्महिने पडून राहतात. पण इथली घरं बघत हिंडले तेव्हा एक गोष्ट ठळकपणे जाणवली. काटकसर झाली आहे ती दाराच्या आत, खोल्यांच्या आकारात. दाराबाहेर जे लागतं, म्हणजे जिना, अंगण, धुण्याची खोली, पोरांची शाळा, तिथे हात आखडलेला नाही.

ही रीत शंभर वर्षांपूर्वीची. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाच्या कामगार वस्त्यांची दैना होती. मजल्यावर सगळ्यांत मिळून एक नळ, संडासही सामायिक, आणि भाडं परवडत नाही म्हणून नुसती खाट भाड्याने घेणारे लोक. १९२३ साली समाजवाद्यांच्या हातातल्या नगर परिषदेने घरबांधणीसाठी वेगळा कर बसवला. अर्थखातं सांभाळणाऱ्या हुगो ब्राइटनर यांनी तो असा आखला की लहान घराला किरकोळ बसावा आणि बंगलेवाल्याला चांगलाच जाणवावा. घरातले नोकर, मोटारी, घोडे यांवरही कर होतेच. श्रीमंतांनी ब्राइटनरना मनसोक्त शिव्या घातल्या. १९३४ पर्यंत शहरात साठ हजारांहून जास्त घरं उभी राहिली. आजही त्या इमारतींच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की ही इमारत व्हिएन्ना नगराने अमुक साली बांधली. कुठे कुठे 'घरबांधणी कराच्या पैशातून' असंही असतं. कर भरणाऱ्याला पैसा कुठे गेला ते चालता चालता वाचता येतं, हे मला फार आवडतं.

यातली सगळ्यात प्रसिद्ध इमारत म्हणजे हाइलिगेनश्टाट भागातला कार्ल मार्क्स होफ. कार्ल एन या वास्तुरचनाकाराने आखलेली, १९२७ ते १९३० मध्ये बांधलेली. लांबी एक किलोमीटरहून जास्त, आत १३८२ घरं. पाहुणे आले की मी त्यांना राजवाड्यांआधी इथे आणते, आणि ते आधी जरा नाराजच होतात. मोठ्या कमानीतून आत शिरलं की मात्र गप्प होतात, कारण आत बागच बाग आहे. एवढ्या प्रचंड जागेचा पाचवा हिस्सासुद्धा बांधकामाखाली नाही. मूळची घरं लहान, पण प्रत्येकाला आत पाणी आणि स्वतःचा संडास. न्हाणीघर घरात नव्हतं, म्हणून आवारात सामायिक स्नानगृहं, शिवाय बालवाड्या, वाचनालय, दातांचा दवाखाना आणि मोठाली धुण्याची घरं. धुण्याच्या घरात पुरुषांना प्रवेश नव्हता, बायकांना निवांत काम करता यावं म्हणून. (धुणं बायकाच धुणार, हे मात्र त्या समाजवाद्यांनीही गृहीत धरलं होतं.) त्यातल्याच एका धुण्याच्या घरात आता त्या काळावरचं छोटं संग्रहालय आहे. १९३४ च्या फेब्रुवारीतल्या यादवीत सरकारी फौजेने याच इमारतीवर तोफा डागल्या होत्या.

तिथे गेलात तर जिने कुठून सुरू होतात ते बघा. रस्त्यावरून थेट कुठल्याही जिन्यावर जाता येत नाही. आधी अंगण, मग जिना. कामावरून येणारा, भाजी आणणारी, शाळेतून सुटलेली पोरं, सगळ्यांची वाट अंगणातूनच. लांबलचक व्हरांडाही नाही; एका जिन्यावर प्रत्येक मजल्यावर मोजकीच दारं. त्यामुळे माणसं चेहऱ्याने तरी एकमेकांना ओळखतात. ओळख व्हावी म्हणून वेगळा कार्यक्रम ठेवावा लागत नाही.

पुढे तोच विचार बायकांनी आणखी नेटाने केला. १९९१ मध्ये शहर नियोजक एफा काइल आणि सहकाऱ्यांनी शहरातल्या बायकांच्या रोजच्या जाण्यायेण्यावर छायाचित्रांचं प्रदर्शन भरवलं. त्यातून महापालिकेत बायकांच्या प्रश्नांसाठी वेगळी कचेरी आली, आणि मग फ्लोरिड्सडोर्फ भागात 'फ्राउएन-वेर्क-श्टाट' ही वसाहत. स्पर्धेला बोलावल्या त्या फक्त स्त्री वास्तुरचनाकार. १९९७ मध्ये ३५७ घरं तयार झाली. माझी एक मैत्रीण तिथे राहायची, तेव्हा मी बऱ्याचदा जात असे. स्वयंपाक करता करता खिडकीतून अंगणात खेळणारं पोर दिसतं. जिना रुंद, दिवसा दिव्याची गरज नाही, त्यामुळे एकटीने चढताना कोपऱ्याकोपऱ्यावर दचकायला होत नाही. बाबागाडी ठेवायला घराच्या मजल्यावरच जागा. दोन पिशव्या, झोपलेलं मूल आणि गाडी असा लवाजमा तळमजल्यावर सोडवत बसावं लागत नाही. बालवाडी आवारातच. हे सगळं करायला फार पैसा लागत नाही, आराखडा काढताना रोज घरात वावरणाऱ्या माणसाला विचारावं लागतं.

तळघरातल्या धुण्याच्या खोलीचा मला तिटकारा आहे, हे सांगूनच टाकते. आमच्याकडे ती तळघरातच आहे: नळ्यांचा आवाज, कोंदट वास, आणि दारावर वेळ राखून ठेवायचा तक्ता. त्या तक्त्यावरून आमच्या जिन्यात जेवढी भांडणं झाली तेवढी राजकारणावरून झाली नसतील. हीच खोली वर, उजेडात असलेल्या इमारतीही मी पाहिल्या आहेत. तिथे कपडे वाळेपर्यंत माणसं गच्चीवर बसतात, बोलतात.

आल्ट-एर्ला या वसाहतीच्या मनोऱ्यांवर तर गच्चीत पोहण्याचे तलाव आहेत. वास्तुरचनाकार हारी ग्लुक यांची ही १९७०-८० च्या दशकातली रचना, साधारण ३२०० घरांची. बाहेरून अजस्र आणि माझ्या मते कुरूपच, पण आतले लोक सोडून जायला तयार नसतात.

आता पैशाचं. आमच्यासारख्या मर्यादित नफ्याच्या संस्थेला भाडं मनाला येईल तसं लावता येत नाही. जमीन, बांधकाम, कर्ज आणि देखभाल यांचा खर्च निघेल इतकंच. जमीन बऱ्याचदा शहराच्या निधीने आधीच घेऊन ठेवलेली असते, त्यामुळे ऐनवेळच्या चढ्या भावाचा फटका बसत नाही. १९९५ पासून मोठ्या प्रकल्पांना स्पर्धा असते, आणि ती जिंकायला नुसता कमी खर्च पुरत नाही. वास्तुरचना, पर्यावरण आणि २००९ पासून सामाजिक बाजूही तपासली जाते, म्हणजे तिथे राहणार कोण, एकत्र येणार कुठे. घरात शिरताना आम्ही एक रक्कम भरली. सोडताना ती परत मिळेल, दरवर्षी एक टक्का वजा होऊन.

उत्पन्नाची मर्यादाही मुद्दाम वर ठेवली आहे. करानंतर वर्षाला पन्नास हजार युरोंहून जास्त कमावणारा एकटा माणूसही अर्ज करू शकतो. पुढे पगार वाढला तरी घर जात नाही. यावर इथे कायम वाद चालतो: गलेलठ्ठ पगारवाले स्वस्त घरात बसलेत आणि गरजू बाहेर. त्यात तथ्य आहे. महापालिकेच्या घरासाठी आधी शहरात निदान दोन वर्षं नोंद लागते, युरोपीय संघाबाहेरच्यांना २००६ पर्यंत दार जवळजवळ बंदच होतं, आणि नवा आलेला अजूनही खाजगी बाजारात मुदतीच्या करारांवर महागडं भाडं भरत बसतो. आम्हीही तसंच काढलं. तरी माझं मत विचाराल तर कमावत्यांना बाहेर काढू नये. आमच्या रहिवासी मंडळात हिशेब तपासणारी बाई निवृत्त न्यायाधीश आहे, आणि गेल्या हिवाळ्यात हीटिंगचं बिल चुकीचं आलं तेव्हा तिच्या एका पत्राने सगळ्या जिन्यांतल्या लोकांचे पैसे परत आले, त्यात निवृत्तिवेतनावर जगणारी आमच्या खालची आजीही होती. नवी घरं जास्त बांधा, आणि ती नव्या आलेल्यांना लवकर द्या. पुढच्या बैठकीत मी हे बोलणार आहे, अर्थात अंगणात पोरांनी चेंडू खेळावा की नाही हा विषय वेळेत आटोपला तर.